रानबोरीची फांदी

१

रोज संध्याकाळी गाडीमागे तीन जुने टायर साखळीनं बांधायचे आणि कुंपणालगतचा वाळूचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून सपाट करायचा. सकाळी उजाडताना तोच रस्ता चालत वाचायचा. गेले पाच महिने मासिंगिताचं हेच शिक्षण चाललं होतं. पुसलेल्या पाटीवर रान रात्रभर काय काय लिहून ठेवी. साळिंदर काटे घसटत गेलेलं. बिबट्याची मादी मध्येच थबकून, कुंपणापलीकडच्या शेळ्यांचा वास घेऊन परतलेली. एखाद्या हत्तीनं निवांत रस्ताभर लीद टाकलेली.

रिसिमाती मामा काठीनं एखाद्या ठशाभोवती गोल काढायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे. कोण, कुठला पाय, कधी. मामा ते अख्ख्या तळाचेच होते. साठी उलटलेली, चाळीस वर्षं माग काढण्यात गेलेली. पहिले दोन प्रश्न तिला लवकर जमले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी, वहीत ठशांची चित्रं काढून पाठच करून टाकायची. तिसऱ्याला वेळ लागला. ठशाची कड किती ढासळली, दव ठशावर पडलं की ठसा दवावर पडला, मुंगीनं उकरलेली माती ठशात आहे की ठशाखाली, हे वहीत येत नव्हतं. त्यात ती मुलखाची घाबरट. पायाखालून तितर फडफडत उडालं की तिच्या हातातली काठी एकीकडे आणि ती दुसरीकडे. बाकीचे शिकाऊ तिला हसायचे. मामा म्हणायचे, "हिला हत्तीचं भय नाही. तितरांना सांगून ठेवा, पोरीला सांभाळून घ्या म्हणून."

त्या सोमवारी मामा मागे गाडीपाशी होते आणि ती एकटीच पुढं चालत होती. खडकाच्या वळणापाशी उजवीकडच्या झाडीतून बुटांचे ठसे रस्त्यावर आले होते. तिथून गावाकडच्या फाटकाच्या दिशेनं वळून नऊ पावलं गेले होते आणि मग नव्हते. उजव्या बुटाचा तळवा अभयारण्याच्या सगळ्या रेंजरांचा असतो तसा होता. डाव्याला टायरच्या रबराचं ठिगळ होतं, तिरप्या रेघांचं.

ते ठिगळ तिच्या बाबांनी तिच्यादेखत, घरच्या अंगणात बसून लावलं होतं. आणि बाबा हरवले त्याला त्या दिवशी सहा दिवस झाले होते.

२

तिचे बाबा, खाझामुला बालोयी, मंगळवारी पहाटे एकटेच फासे काढायला गेले. जोडीदार तापानं फणफणला होता आणि शिकाऱ्यांनी लावलेले फासे तर वाट बघत नाहीत. दुपारनंतर त्यांचा वायरलेस बोलेनासा झाला. बुधवारपासून चाळीस माणसं, दोन कुत्री आणि एक हेलिकॉप्टर रान पिंजत होतं. माग खडकाच्या पठारावर पोचला आणि संपला. शेवटच्या ठशामागे मामांनी काठी रोवून ठेवली होती. तिथून पुढं कुणालाच काही सापडलं नाही.

शनिवारी रात्री चार थेंब पडले. रविवारी सकाळी मोठ्या साहेबांनी टोपी काढून तिच्या आईला सांगितलं की ऑक्टोबरच्या या उन्हात पाण्यावाचून माणूस पाच दिवस तगत नाही.

आईनं ऐकून घेतलं. आत्यानं मात्र रडणं आवरून पुढचं हाती घेतलं. माणूस बाहेर मेला तर त्याला तिथंच टाकून चालत नाही. जिथं गेला तिथं रानबोरीची फांदी घेऊन जायचं, त्याला नावानं हाक मारायची, घरी चल म्हणायचं. मग फांदी घेऊन परतायचं आणि घर येईपर्यंत वाटेत कुणाशी बोलायचं नाही. प्रेत नसलं तर फांदीच पुरायची. अशी पुष्कळांची आणली होती आत्यानं. खाणीत गाडले गेलेल्यांची, पुरात गेलेल्यांचीसुद्धा.

मासिंगिता म्हणाली, बाबा जिवंत आहेत. त्या शेवटच्या ठशात तिनं पाहिलं होतं. चाल लंगडी होती, पण लंगडा माणूस मेलेला नसतो. कुणी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. सगळे तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

रविवारी दुपारी ती, आत्या आणि मामा पठारावर गेले. आत्यानं फांदी त्या काठीला टेकवली आणि भावाला हाक मारली. मग फांदी मासिंगिताच्या हातात दिली.

"आता तू मार. माझं कधी ऐकलंय त्यानं? तुझं ऐकेल."

तिनं फांदी धरली, काटे तळहातात रुतले, आणि तिच्या मनात भलतंच आलं. बाबा जिवंत असतील, जवळपास कुठं पडले असतील, तर ऐकतील. म्हणून तिनं पुटपुटल्यासारखी नाही, छाती फाटेल अशी हाक मारली. "बाबा, उठा. घरी चला. उठा, बाबा."

पठारावरून आवाज लांबवर गेला. परत काही आलं नाही.

घरी फांदी पुरून झाल्यावर बायकांच्या रडण्यात तिला बसवेना. ती अंधार पडता पडता तळावर परतली आणि हाताला काही काम हवं म्हणून रस्ता ओढला. त्याच रस्त्यावर सोमवारी सकाळी ते ठसे होते.

३

ती मामांना हाका मारत धावत गेली आणि परत येते तो रानरेड्यांचा कळप रस्त्यावरून गेलेला. नऊपैकी एकही पाऊल उरलं नव्हतं. साहेबांनी तिला खुर्चीवर बसवून साखरेचा चहा पाजला आणि चार दिवस घरी जा म्हणून सांगितलं. तिला स्वतःलाही ते पटत आलं होतं. सहा रात्री धड झोप नाही. माणसाला ढगात मेंढ्या दिसतात, मग तिला वाळूत ठिगळ का दिसू नये?

पण ती घरी गेली नाही. मंगळवारी ठसे पुन्हा होते. त्याच जागी झाडीतून आलेले, तसेच वळलेले. फक्त या वेळी चाळीसच्या वर पावलं गेलेले. पुलाच्या मोरीपाशी रस्त्याच्या मधोमध संपलेले. दोन्ही बाजूंना सपाट वाळू. तिनं मनाशी हिशेब मांडला. वाऱ्यानं पुढचे पुसले असतील. पण वाऱ्यानं तिथली चिमणीची नखंसुद्धा पुसली नव्हती. मग बाबा उडी मारून गवतात गेले असतील. लंगड्या पायानं, आठ हात.

या वेळी तिनं एका ठशावर बिस्किटांचं खोकं पालथं घातलं आणि वर दगड ठेवला.

मामा गुडघ्यांवर बसले. मग पालथे पडून, गाल वाळूला टेकवून एका डोळ्यानं पाहिलं.

"बूट त्याचा आहे," ते म्हणाले. "चाल त्याची नाही."

"लंगडतायत ना ते, मामा. म्हणून."

"लंगडणारा चांगल्या पायावर भार टाकतो. तुझा बाप तर धड असतानाही टाच आपटत चालायचा, झेब्रे पळायचे त्याच्यानं. हे बघ, टाच तेवढीच, बोटं तेवढीच. हा कशावरच भार टाकत नाही."

मग कुणीतरी बाबांचे बूट घालून फिरतंय, असं ती म्हणाली. मामा म्हणाले, असेल. त्यांच्या आवाजावरून तिला कळलं की त्यांना तसं वाटत नाही. पण त्यांना काय वाटतं ते विचारायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. जेवलीस का, म्हणून आईनं विचारलं. तिनं हो सांगितलं.

४

बुधवारी ठसे फाटकापर्यंत गेले होते. अगदी लोखंडी दांड्यांपर्यंत, बूट जोडून, माणूस फाटक उघडायची वाट बघत उभा राहतो तसे. पहारेकऱ्याला रात्री काहीच दिसलं नव्हतं. आपण डोळा मिटला नाही असं तो तीनदा म्हणाला, तेव्हा मामांनी त्याला गप्प केलं.

मासिंगिताला आता एकच गोष्ट दिसत होती. बाबा जिवंत आहेत. डोक्यावर परिणाम झाला असेल, उन्हानं होतो. दिवसा कुठं तरी दडतात, रात्री घराकडे निघतात, आणि भीती वाटून परत जातात. परतीचे ठसे मिळत नव्हते खरे. पण रोज त्याच जागेतून येतात म्हणजे ती जागा आहे. तिथं ते आत्ता, या क्षणी, पाण्यावाचून पडलेत. पुढचा माग फाटकाशी संपतो, तर मग उलटा काढायचा. ठसा जिकडून आला तिकडे जायचं.

"साहेब येईपर्यंत थांबू," मामा म्हणाले.

"तुम्ही थांबा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत ती पहिल्यांदा उलट बोलली होती. त्यांनी रायफल खांद्याला अडकवली, पाण्याच्या तीन बाटल्या पिशवीत टाकल्या. "एक कबूल कर. जे असेल तेच वाचायचं. हवं ते नाही."

तिनं कबूल केलं. त्या घडीला तिनं काहीही कबूल केलं असतं.

५

उलटा माग काढणं अवघड नसतं, विचित्र असतं. प्रत्येक ठशाचा चवडा तुमच्याकडे रोखलेला. कुणीतरी सतत समोरून चालत येतंय आणि तुमच्या अंगातून आरपार जातंय, असं तिला दर पावलाला वाटत होतं. आधी तिनं ते झटकलं. मग ती नकळत थोडी बाजूनं चालायला लागली.

पहिला अर्धा तास मामा बोलत होते. तिच्या बापानं एकदा गेंड्याला घाबरून काटेरी झाडावर कसा मुक्काम केला, आणि खाली उतरल्यावर आपण टेहळणीला चढलो होतो असं कसं सांगितलं, ते त्यांनी रंगवून सांगितलं. ती हसली. मग मामांनी काठीवर दोन ठशांमधलं अंतर खाच पाडून घेतलं. चढावर मोजलं, उतारावर मोजलं, मऊ वाळूत मोजलं. खाच हलली नाही. चढाला माणसाचं पाऊल आखूड पडतं. कुणाचंही पडतं.

त्यानंतर मामा बोलायचे थांबले.

मोपानीच्या झुडपांत ठसे सरळ एका काटेरी जाळीत गेले होते. कडेनं हातभर वाट होती. जाळीतली एक डहाळी मोडली नव्हती, एक धागा अडकला नव्हता. आणि जाळीच्या पलीकडे ठसे पुढं होतेच, त्याच अंतरानं. मासिंगितानं कारण शोधलं. जाळी वाकली असेल आणि परत उभी राहिली असेल. तिनं काटे हातानं दाबून पाहिले. ते वाकले नाहीत, बोट रक्तानं भरलं.

"मामा, हे कसं?"

"चल," मामा म्हणाले.

दहाच्या सुमाराला पठाराचा मागचा उतार लागला. त्या बाजूला कुणी शोधलंच नव्हतं, कारण लंगडा माणूस घराकडे पाठ करून खाली का उतरेल? पण खाली नाला होता, नाल्यात सावली होती, आणि तहानलेल्याला घर मागाहून आठवतं. नाल्याच्या काठी एक थोरलं रानउंबर फांद्या जमिनीला टेकवून उभं होतं. वरून हेलिकॉप्टरला त्याचा फक्त हिरवा डोंगर दिसला असणार.

आत शिरताना तिला आधी बूट दिसले. दोन्हींच्या नाड्या एकत्र बांधून ते फांदीला टांगलेले होते. डाव्याला तिरप्या रेघांचं ठिगळ. बुटाच्या तोंडावर कोळ्यानं दाट जाळं विणलं होतं आणि त्यात माश्यांची सालपटं होती, जुनी, वाळलेली. हे बूट बरेच दिवस कुणी घातले नव्हते.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी तिचा खांदा धरला.

६

ते खोडाला टेकून बसले होते. अनवाणी. उजवा घोटा शर्टाच्या चिंध्यांनी आणि दोन काटक्यांनी बांधलेला, मोडलेला. मांडीवर रायफल, बाजूला तीन रिकामी काडतुसं. तरसं आली होती. पंधरा पावलांवर येऊन, एका ओळीत थांबून, तिथूनच वळली होती. तीन रात्रींची तरसं. एकही पुढं आलं नव्हतं.

मासिंगिता रडली नाही. तिला वाटलं आपण रडू, पण डोळे खाली गेले आणि वाचायला लागले. पाच महिन्यांची सवय.

बाबा सावलीबरोबर सरकत होते. झाडाभोवती त्यांच्या बसण्याच्या खुणा होत्या, सकाळची एकीकडे, दुपारची दुसरीकडे. सूर्याच्या उलट बाजूनं फिरत गेलेल्या, एकीवर एक, अनेक दिवसांच्या. तिथून नाल्याकडे घसटल्याची वाट. नाल्याच्या वाळूत हातानं उकरलेले खड्डे. तिथं खाली पाणी होतं, बाबांना ठाऊक असणारच. पाण्यावाचून माणूस तगत नाही. पण बाबा पाण्यावाचून नव्हतेच.

शनिवारच्या थेंबांनी वाळूवर बारीक वण पाडले होते. एका खड्ड्याची ओली माती त्या वणांवर पडली होती. घसटल्याची शेवटची वाट त्या वणांवरून गेली होती.

"कधी?" मामांनी विचारलं. शिकवताना विचारायचे तसं नाही. त्यांना स्वतःला तिच्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

"पावसानंतर. रविवारी."

"बरं. चल आता बाहेर."

पण ती बाबा बसले होते ती जागा पाहत होती. खोडाच्या पूर्वेला. सकाळपासून तिथं ऊन असणार. दाट सावली तिथं येते ती चारच्या सुमाराला.

रविवारी, चारला, ते तिघं पठारावर होते. इथून सरळ वर. आत्या उभी होती, मामा टोपी काढून उभे होते, आणि तिच्या हातात फांदी होती.

बाबांच्या दोन्ही बाजूंना, वाळूत, तळहातांचे ठसे होते. खोल, बोटं फाकलेली, सगळा भार त्यांच्यावर. कुणीतरी हाक मारली म्हणून माणूस उठायला बघतो, तसे. शरीर उठलं नव्हतं. ते तसंच टेकलेलं होतं. पण तळहातांच्या पुढं, हातभर अंतरावर, दोन बुटांचे ठसे सुरू होत होते. जुळवलेले, चवडे घराकडे. मध्ये गुडघा टेकल्याची खूण नव्हती. तिथून ते चालू लागले होते.

ती खाली बसली. "मी बोलावलं," ती म्हणाली. "ते जिवंत होते, मामा. पाणी पीत होते. अजून दोन दिवस तगले असते. मी मुद्दाम मोठ्यानं..."

मामांनी वायरलेस उचलला. तळाला जागा सांगितली. मग म्हणाले, सापडला, पहिल्याच दिवशी गेलेला दिसतो, त्याला काही कळलंही नसेल. घरी तसंच सांगा. आवाज अगदी नेहमीचा होता.

"हे खोटं आहे."

"तुझी आत्या बहात्तर वर्षांची आहे. तुझ्या आईला अजून जगायचंय. आत्यानं प्रेमानं बोलावलं, पोरी. तूही. आणि मी तिथं उभा राहून अडवलं नाही. मलाही वाटलं होतं की गेला." ते उठून उभे राहिले. "हे वाचता येणारी माणसं सबंध तळावर दोनच आहेत."

आणि चाळीस वर्षांत ज्यांनी एखाद्या मुंगसाच्या ठशावरसुद्धा पाय दिला नव्हता, ते मामा बुटांनी वाळू लोटायला लागले. आधी पाण्याचे खड्डे बुजवले. मग घसटल्याच्या वाटा. मग खोडाभोवतीच्या बैठका, एकेक करून. ती बघत राहिली. बाबांचे शेवटचे पाच दिवस होते ते. जगण्याची एवढी धडपड दुसऱ्या कुठंच लिहिलेली नव्हती. तळहातांपाशी मामा आले आणि त्यांचा पाय थांबला. तेव्हा ती उठली, उंबराची पानांची डहाळी मोडली आणि ते दोन तळहात तिनं स्वतः पुसले. बुटांचे ते पहिले दोन ठसेही पुसले. बाहेर उन्हात जाईपर्यंत मागे मागे सरकत सगळं पुसलं.

अकरा वाजले असतील. ऊन डोक्यावर येत होतं. लांबून गाडीचा आवाज यायला लागला होता. मामा वाट दाखवायला उतारावर गेले.

तिनं मागे वळून आपलं काम नीट झालंय का ते पाहिलं. पुसलेली वाळू, डहाळीच्या बारीक रेघा, उंबराखाली बाबा. आणि त्या रेघांवर, तिच्यापासून चार हातांवर, डाव्या बुटाचा एकच ठसा.

चवडा तिच्याकडे होता. ठशाच्या कडेवरून वाळूचे कण अजून आत घरंगळत होते. एकेक, सावकाश. हे किती जुनं, ते सांगायला कुणी शिकवावं लागत नाही.

कण थांबले. दुसरं पाऊल पडलं नाही. गाडी जवळ येत होती आणि समोर, त्या भर उन्हात, कुणीतरी उभं राहून वाट पाहत होतं. त्याला घरी जायचं होतं. रविवारपासून रोज तो निघत होता आणि दर वेळी कुठंतरी पुढं जायला त्याला आणखी एक हाक लागत होती. आत्ताही त्याला एवढंच हवं होतं की तिनं एकदा म्हणावं, घरी चला.

तिच्या घशाशी ते शब्द आले होते. पण त्या हाकेनं काय होतं हे तिला आता माहीत होतं, आणि तो ज्या घराकडे निघाला होता तिथं आई एकटी होती.

मासिंगितानं दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं आणि ती तशीच उभी राहिली. चार हातांवर, तिच्या समोर, तेही उभं राहिलं.